ताडोबाच्या तरणतलावांची देखभाल : फ्रँचायझी घ्यावी काय?

वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिरातींत 'फ्रँचायझी देणे आहे' हा मथळा आता नवा राहिलेला नाही. चहा, वडापाव, शिकवणी वर्ग, औषधांचे दुकान, केशकर्तनालय, कशाचीही फ्रँचायझी मिळते. या यादीत तरणतलाव आणि स्पा यांच्या देखभालीचीही भर पडली आहे. ताडोबाच्या दारात एवढी रिसॉर्ट उभी राहिली, बहुतेकांत निळ्या फरशीचा तलाव आहे, तेव्हा एखाद्या नावाजलेल्या कंपनीची फ्रँचायझी घेऊन हे काम पकडावे, असा विचार चंद्रपूर, मूल, ब्रह्मपुरीकडील आपले काही तरुण करू लागले आहेत. विचार रास्त आहे. परंतु फ्रँचायझीची फी भरण्यासाठी घरातून जो पैसा निघतो तो बहुधा वडिलांच्या निवृत्तीचा असतो. कोळशाच्या खाणीत किंवा वीज केंद्रात तीस वर्षे राबून हाती आलेला फंड एकदाच मिळतो, दुसऱ्यांदा मिळत नाही. म्हणून या प्रश्नाचे उत्तर जपून द्यावे लागते.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. धंदा खरा आहे आणि तो आपल्या तरुणांनी जरूर करावा. मात्र आगाऊ फी, दरमहा ठरलेली किमान रॉयल्टी आणि 'रसायने आमच्याकडूनच घ्या' या तीन अटींची फ्रँचायझी या दोन जिल्ह्यांत परवडणारी नाही. असे का, ते पुढे हिशेबासह मांडतो.

झरपटच्या काठचे शहर

स्पा हा शब्द परका असला तरी अंगाला गुण देणारे पाणी ही गोष्ट चंद्रपूरला परकी नाही. किंबहुना हे शहर वसले तेच अशा एका आंघोळीतून, अशी आख्यायिका आहे. बल्लारपूरचा गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याच्या अंगावर गाठी होत्या. शिकारीच्या वेळी झरपट नदीच्या कोरड्या पात्रातील एका डबक्यात त्याने हातपाय धुतले आणि त्याची व्याधी गेली. पुढे तेथेच अचलेश्वराचे मंदिर झाले आणि राजधानी बल्लारपूरहून चंद्रपुरास आली. त्याच झरपटमध्ये पुढे शहराचे सांडपाणी आले, हा भाग निराळा. पाण्याचा गुण आपोआप टिकत नाही, त्याला कोणीतरी राखावे लागते, इतकेच येथे लक्षात घेऊ.

आजच्या बाजाराचे मूळ ताडोबात आहे. १९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ साली अंधारी अभयारण्य झाले आणि १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. २०१० साली त्याला बफर क्षेत्र जोडले गेले. मोहर्ली आणि कोलारा ही दोन प्रवेशद्वारे आणि त्यांच्या आजूबाजूची गावे येथे रिसॉर्टचा धंदा वाढला. पर्यटक येतात ते प्रामुख्याने उन्हाळ्यात, कारण पाणवठ्यावर वाघ दिसतो. आणि चंद्रपूरचा उन्हाळा म्हणजे काय, हे सांगायला नको. मे २०१९ मध्ये येथील पारा ४८ अंशांच्या आसपास गेला होता. सकाळची सफारी संपवून नऊ-दहाला परतलेल्या पाहुण्याला दुपारभर तलावच हवा असतो. तलाव हिरवा दिसला तर तो खोलीचे भाडे देताना कुरकुर करतो आणि पुढच्या खेपेला शेजारच्या रिसॉर्टात उतरतो. म्हणजे मागणी आहे, ती कल्पनेतली नाही.

पण या मागणीला एक मोठी खोच आहे. १ जुलै ते ३० सप्टेंबर गाभा क्षेत्रातील सफारी बंद असते. बफरच्या काही फाटकांतून पावसाळ्यातही फेऱ्या चालू राहतात खऱ्या, परंतु गर्दी ती नव्हे. तीन महिने रिसॉर्टचा मालक हात आखडता घेतो, निम्मी माणसे सुटीवर धाडतो आणि तलावाची देखभाल हा खर्च सर्वांत आधी कापतो. फ्रँचायझीचा करार वाचताना हे तीन महिने डोळ्यांपुढे ठेवावेत.

काम नेमके काय असते

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, जाळीने पाने काढायची आणि ब्लीचिंग पावडर टाकायची, झाले काम. कित्येक ठिकाणी चालतेही तसेच. बागेतल्या माळ्यालाच तलाव सांभाळायला सांगतात. तो संध्याकाळी अंदाजाने दोन मुठी पावडर फेकतो आणि पाणी गढूळ झाले की तुरटी टाकतो. पाहुण्याचे डोळे चुरचुरले की सगळे म्हणतात, क्लोरीन जास्त झाले. वास्तविक पुष्कळदा उलटे असते. तो उग्र वास आणि चुरचुर घाम, लघवी आणि क्लोरीन यांच्या संयोगातून बनणाऱ्या क्लोरामाइनची असते, आणि ती क्लोरीन कमी पडल्याची खूण असते.

साधे गणित पाहा. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटरच्या आत खोल असा तलाव धरला तर त्यात साधारण ६० हजार लिटर पाणी मावते. त्यात १ पीपीएम क्लोरीन वाढवायचे तर ६० ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागते. ब्लीचिंग पावडरमध्ये ताजी असताना सुमारे एक तृतीयांश क्लोरीन असते, म्हणजे पावडर १८० ते २०० ग्रॅम लागेल. उन्हात उघडी राहिलेली पोती असतील तर किती, हे तपासल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही. पाण्यात क्लोरीन किमान १ पीपीएम आणि पीएच सात ते पावणेआठच्या दरम्यान असावा, असे सर्वसाधारण मान आहे. या दोन आकड्यांचे नातेही समजून घेतले पाहिजे. पीएच साडेसातच्या आसपास असताना क्लोरीनचा निम्मा भाग जंतू मारण्याच्या कामी येतो. तोच पीएच आठवर गेला की जेमतेम चौथा हिस्सा कामाचा उरतो. मग माळी दुप्पट पावडर ओततो, पावडरीमुळे पीएच आणखी चढतो आणि पैसा पाण्यात जातो, अक्षरशः.

आपल्याकडचे ऊन हा तर स्वतंत्र विषय आहे. उघड्या तलावातील क्लोरीन प्रखर उन्हात काही तासांत उडून जाते. त्यावर उपाय म्हणून स्थिरक मिसळलेल्या क्लोरीनच्या गोळ्या मिळतात. त्या सोयीच्या आहेत, पण त्यांतील सायन्यूरिक आम्ल पाण्यात साचत जाते. रोज ३ पीपीएम क्लोरीन या गोळ्यांतून घातले तर दोन महिन्यांत हे आम्ल १०० पीपीएमच्या आसपास पोहोचते, आणि मग क्लोरीन असूनही त्याचा जोर चालत नाही. उपाय एकच : पाणी काढून नवे भरणे. मे महिन्यात, जेव्हा शेजारच्या गावात हातपंपावर रांग असते, तेव्हा हजारो लिटर पाणी सोडून देणे हा केवळ खर्चाचा प्रश्न राहत नाही. बाष्पीभवनाचेही तसेच आहे. वरच्याच तलावातून उन्हाळ्यात दिवसाला एक सेंटीमीटर पाणी उडाले तर ते ५०० लिटर होते. रात्री आणि रिकाम्या दिवशी तलावावर आच्छादन घातले तर यातला बराच भाग वाचतो. हा सल्ला देणारा कारागीर मालकाच्याही उपयोगाचा आणि गावाच्याही.

पाणीही सगळीकडे एकसारखे नाही. राजुरा-कोरपना पट्ट्यात चुनखडी आहे म्हणूनच तिकडे सिमेंटचे कारखाने आले. चुनखडीच्या भागातील बोअरच्या पाण्यात जडपणा असतो, फरशीवर पांढरा थर बसतो आणि हीटरची कॉइल बुजते. काही ठिकाणच्या पाण्यात लोह असते. असे पाणी तलावात भरून क्लोरीन टाकले की काही वेळात ते तांबूस दिसू लागते आणि मालक घाबरून फोन करतो. पुण्यात बसून छापलेल्या पुस्तिकेत 'आठवड्याला अमुक ग्रॅम' असे लिहिलेले असते, ते येथे जसेच्या तसे लागू पडेलच असे नाही. बोअरगणिक तपासावे लागते. तपासणीची छोटी पेटी फार महाग नसते. ती वापरण्याची सवय मात्र लावून घ्यावी लागते.

स्पा किंवा जकूझी म्हणजे कोमट पाण्याचा छोटा हौद. त्याला लोक तलावाचे पिल्लू समजतात, पण जोखीम तेथेच अधिक. पाणी थोडे, माणसे तुलनेने जास्त, उष्णता अंगाएवढी आणि वर बुडबुड्यांतून उडणारे बारीक तुषार. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या मेळाव्यानंतर न्यूमोनियासारख्या आजाराने अनेकजण दगावले, तेव्हा लिजिओनेला हा जंतू जगाला माहीत झाला. तो कोमट पाण्यात वाढतो आणि तुषारांतून फुप्फुसात जातो. म्हणून स्पामध्ये क्लोरीन किमान ३ पीपीएम ठेवतात, पाणी वारंवार बदलतात आणि स्थिरकाच्या गोळ्या त्यात घालत नाहीत. हे ज्याला ठाऊक नाही त्याने स्पाचे काम घेऊ नये, मग त्याच्या शर्टावर कोणत्याही कंपनीचे नाव असो.

आणि जिवाची गोष्ट. ब्लीचिंग आणि आम्ल एकत्र आले की विषारी वायू निघतो. दोन प्रकारची क्लोरीन रसायने एका डब्यात मिसळली तर आग लागू शकते. पंपघरात पाणी सांडलेले आणि अर्थिंग सुटलेले असेल तर शॉक बसायला वेळ लागत नाही. ३० मिलिअँपिअरवर तुटणारे सुरक्षा उपकरण बसवलेले नसेल तर काम हाती घेण्यापूर्वी ते मालकाकडून बसवून घ्यावे, आणि ऐकत नसेल तर काम सोडावे. पोराच्या हातात पाइप देऊन त्याला पंपघरात पाठवणाऱ्या बापांनी हे वाचावे.

आता यातले आपल्या लोकांना काय येते? मोटर वाइंडिंग, सबमर्सिबल काढणे-सोडणे, पंपाचे सील आणि इंपेलर बदलणे, नळाची जोडणी, फरशी, वेल्डिंग, हे सगळे येते, पिढ्यान्‌पिढ्या येते. चंद्रपूरच्या बाजारात या कामांची दुकाने कोणाची आहेत, ते आमच्या वाचकांना ठाऊक आहे. येत नाही ते फक्त पाण्याचे रसायन आणि नोंदवही ठेवण्याची शिस्त. तेव्हा फ्रँचायझीवाल्याकडून विकत घ्यायची वस्तू असलीच तर ती एवढीच आहे, आणि तिची किंमत लाखांत असू शकत नाही.

फ्रँचायझी जेथे चालते तेथे का चालते

या धंद्यात फ्रँचायझी ही कल्पना फसवी आहे, असे आम्ही म्हणत नाही. अमेरिकेच्या फ्लोरिडात १९७५ साली निघालेली 'पिंच अ पेनी', ऑस्ट्रेलियात १९९२ साली निघालेली 'पूलवर्क्स' या तरणतलावांच्याच फ्रँचायझी कंपन्या आहेत आणि त्या टिकल्या, वाढल्या. पण तेथील परिस्थिती पाहा. अमेरिकेत तलावांची संख्या एक कोटीच्या घरात आहे आणि बहुतेक घरांच्या परसात आहेत. एकाच वस्तीत एका कारागिराला दिवसभराचे काम मिळते, गाडी फार हलवावी लागत नाही. फ्लोरिडात हे काम बारमाही असते. शिवाय तेथे कायद्याचा धाक आहे. अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्याने सही होण्यापूर्वी किमान १४ दिवस आधी एक सविस्तर माहितीपत्र द्यावे लागते. त्यात २३ बाबी असतात : कंपनीवर दावे किती, किती फ्रँचायझ्या बंद पडल्या, एकूण खर्च किती, सध्याच्या आणि सोडून गेलेल्या फ्रँचायझीधारकांची नावे काय. ऑस्ट्रेलियातही १९९८ पासून सक्तीची आचारसंहिता आहे.

भारतात फ्रँचायझीसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. १८७२ चा करार कायदा आणि १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा यांच्यावरच काम भागवावे लागते. कंपनीने मागच्या पाच वर्षांत किती फ्रँचायझी विकल्या आणि त्यांपैकी किती जिवंत आहेत, हे ती आपण होऊन सांगणार नाही. ते आपण विचारायचे, लेखी मागायचे, आणि नाही म्हणाली तर चहा पिऊन परत यायचे.

विदर्भातील सामान्य माणसाला फ्रँचायझी हा शब्द कळला तो विजेच्या बिलावरून. नागपूरच्या काही भागांचे वीज वितरण २०११ साली महावितरणने स्पॅन्को या कंपनीला फ्रँचायझी म्हणून दिले. पुढे कंपनीचे हात बदलले, नाव एसएनडीएल झाले आणि २०१९ च्या सप्टेंबरात काम पुन्हा महावितरणकडे आले. तेव्हाच्या औरंगाबादेत जीटीएलचे काम २०११ ते २०१४ एवढेच चालले, जळगावात क्रॉम्प्टनचे २०११ ते २०१५. भिवंडीत मात्र २००७ पासून टोरेंट पॉवर पाय रोवून राहिली. नमुना एकच, परंतु चारपैकी तीन ठिकाणी तो मुदतीआधीच मोडला. वीज आणि तरणतलाव यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे मान्य. तरीही वसुली होवो न होवो, मूळ मालकाला ठरलेला पैसा पोहोचवत राहण्याचे ओझे काय असते, हे कोट्यवधींच्या कंपन्यांनाही जड गेले, ही गोष्ट पन्नास तलावांच्या बाजारात उतरणाऱ्याने विसरू नये.

हिशेब

आता आपण एक उदाहरण धरू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, ज्याने त्याने आपले घालावेत.

समजा दहा तलावांचे काम मिळाले, प्रत्येकी महिना ९ हजार रुपये, रसायनांसह. ऑक्टोबर ते जून हे नऊ महिने दहाही तलाव चालू, पावसाळ्याचे तीन महिने फक्त चार. वर्षाची जमा ९ लाख १८ हजार. दोन मदतनीस प्रत्येकी महिना १२ हजार, म्हणजे २ लाख ८८ हजार. गाडी आणि पेट्रोल महिना १० हजार, म्हणजे १ लाख २० हजार. रसायने तलावामागे महिना अडीच हजार, म्हणजे २ लाख ५५ हजार. खर्च ६ लाख ६३ हजार. हाती उरले २ लाख ५५ हजार, म्हणजे महिन्याला २१ हजारांच्या वर. फार नाही, पण स्वतःच्या गावी राहून, स्वतःच्या नावावर.

आता यात फ्रँचायझी घालू. फी ४ लाख, मुदत पाच वर्षे, म्हणजे वर्षाला ८० हजार. किमान रॉयल्टी महिना १२ हजार, म्हणजे १ लाख ४४ हजार, आणि ती जुलै-ऑगस्टातही द्यायची. रसायने कंपनीचीच घ्यायची, ती बाजारापेक्षा तीस टक्के महाग धरली तर आणखी साडेशहात्तर हजार. बेरीज ३ लाख साडेपाचशे नव्हे, ३ लाख ५०० रुपये. शिल्लक २ लाख ५५ हजार होती. म्हणजे वर्षअखेर साडेपंचेचाळीस हजारांचा खड्डा. शिवाय फी आणि रॉयल्टीवर १८ टक्के जीएसटी वेगळा. आपली उलाढाल २० लाखांच्या आत असून नोंदणी केलेली नसेल तर तो जीएसटी परतही मिळत नाही.

कंपनीचा माणूस म्हणेल, आमच्या नावामुळे गिऱ्हाईक वाढेल. वाढेलही. किती वाढले पाहिजे, ते काढता येते. फ्रँचायझीच्या रसायनांच्या भावाने एका तलावामागे नऊ महिन्यांत सुमारे ५२ हजार सुटतात. तीन लाखांचा बोजा भरून काढायला सहा तलाव जादा हवेत, म्हणजे दहाचे सोळा. सोळा तलावांना तिसरा मदतनीस लागेल, तो खर्च वेगळाच. म्हणून कंपनीला विचारायचा पहिला प्रश्न हा : हे सहा-आठ तलाव तुम्ही स्वतः आणून देणार काय, आणि तसे करारात लिहिणार काय? रिसॉर्टच्या एखाद्या साखळीशी कंपनीचा आधीच करार असेल आणि तिची येथील कामे ती आपल्या हवाली करणार असेल, तर चित्र बदलते. तेथे फ्रँचायझी घेण्यात अर्थ आहे. नुसत्या पाटीसाठी नाही.

दुसरा प्रश्न किमान रॉयल्टीचा. टक्केवारीने रॉयल्टी घेणारी कंपनी आपल्या तेजी-मंदीची भागीदार होते. किमान रकमेचा आग्रह धरणारी कंपनी जंगल बंद असतानाही आपला वाटा सोडत नाही. नफा होवो वा तोटा, ठरलेली रक्कम मोजायचीच, या अटीची जातकुळी आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

तिसरा प्रश्न क्षेत्राचा. करारात 'चंद्रपूर जिल्हा' असे लिहून दिले की तरुण खूश होतो. पण नकाशा पाहावा. मोहर्ली चंद्रपूरहून तीसेक किलोमीटर. कोलारा हे चिमूर तालुक्यात, चंद्रपूर जिल्ह्यातच, पण तेथील रिसॉर्टांना उमरेड-भिसी मार्गाने नागपूर सोयीचे पडते. पाहुणेही तिकडूनच येतात आणि नागपूरचा पंपवालाही. म्हणजे कागदावर जिल्हा पूर्ण, प्रत्यक्षात अर्धा. गडचिरोलीही जोडून देतो, असे सांगितले तर अधिकच सावध व्हावे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झालेला हा जिल्हा, तीन चतुर्थांशाहून अधिक जंगल, आणि गडचिरोलीहून सिरोंचाच सुमारे दोनशे किलोमीटर. तेथे तरणतलाव किती असतील? एका तलावासाठी दिवस घालवून आल्यावर हाती पेट्रोलची पावती तेवढी राहते.

गडचिरोलीत तलाव नाहीत, पाणी आहे

आणि तरीही आमच्या मते या धंद्याचे टिकाऊ अर्धे अंग गडचिरोलीतच आहे. आश्रमशाळा, वसतिगृहे, ग्रामीण रुग्णालये यांच्या पाण्याच्या टाक्या, गावोगावचे सौर पंप, शुद्ध पाण्याची आरओ यंत्रे, आणि कोनसरीच्या लोह प्रकल्पासारख्या ठिकाणी वाढत जाणारी कामगारांची वस्ती, यांना देखभाल करणारा माणूस लागतो. यंत्र बसवणारे मिळतात, उद्घाटनाला पुढारीही मिळतात, पण सहा महिन्यांनी पडदा बुजला किंवा पंप जळाला की वाली नसतो. चंद्रपूर जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसेल तर फार तर दीड, अशी भारतीय मानकाची मर्यादा आहे. ते वाढले की दातांवर डाग पडतात, हाडे दुखतात. तेथील यंत्र बंद पडणे म्हणजे पोरांनी पुन्हा तेच पाणी पिणे. पाण्याचा पीएच आणि क्लोरीन मोजायला शिकलेल्या हाताला फ्लोराइडची चाचणी शिकायला फार दिवस लागत नाहीत.

तरणतलाव उन्हाळ्याचा आणि हिवाळ्याचा, टाक्या आणि पिण्याचे पाणी पावसाळ्याचे. जुलैत विहिरी गढूळ होतात, जुलाबाची साथ येते, तेव्हा क्लोरीन जाणणाऱ्या माणसाला खरी मागणी असते. वर्षाचे बारा महिने असे भरतात. फ्रँचायझीचा करार बहुधा 'इतर धंदा करू नये' अशी अट घालतो, आणि ती अट नेमके हेच बारा महिने मोडून टाकते.

सरकारी कामांची बिले उशिरा निघतात, हे खरे. म्हणून निम्म्याहून अधिक काम खासगी ठेवावे.

सुरुवात कशी करावी

चौघांनी मिळून १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे फर्म नोंदवावी. त्यांत एक आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, एक प्लंबर, एक बारावी विज्ञान झालेला आणि हिशेब जाणणारा, आणि एक गाडी चालवणारा असला तर उत्तम. वस्तूंची यादी लांब नाही : तपासणी पेटी, व्हॅक्यूमचा हात आणि पाइप, ब्रश, जाळी, हातमोजे, चष्मा, मुखवटा, मीटर, पाने. फ्रँचायझीच्या चार लाखांतून हे सगळे येऊन एक जुनी मालवाहू रिक्षाही येते. त्यापूर्वी दोघांनी नागपूर किंवा पुण्यात एखाद्या चालू ठेकेदाराकडे तीन-चार महिने मजुरीवर राहावे, फिल्टरची वाळू बदलताना हात लावावा आणि मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह खोलून पाहावा. हे शिक्षण वर्गात मिळत नाही.

मालकाशी वार्षिक करार लेखी करावा. त्यात पावसाळ्याचा दर निम्मा ठेवावा, पण काम बंद नको, कारण तीन महिने सोडलेला तलाव ऑक्टोबरात स्वच्छ करायला जो खर्च येतो तो निम्म्या दरापेक्षा अधिक असतो. हे मालकाला आकड्यांत दाखवले की पटते. पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवणे हे आपले काम नाही, जीवरक्षक मालकाने नेमावा, हे स्पष्ट शब्दांत लिहावे. दुर्घटना झाली तर पहिले बोट देखभालवाल्याकडे जाते. फिल्टर उलटा धुतल्यावर निघणारे क्लोरीनचे पाणी नाल्यात सोडू नये. ताडोबाभोवती २०१९ साली पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र जाहीर झाले आहे, आणि तो नाला पुढे कोणत्या पाणवठ्याला मिळतो, हे वाघाला विचारून कळणार नाही. शोषखड्डा करून घ्यावा.

प्रत्येक तलावाची वही तलावाजवळच ठेवावी. तारीख, वेळ, क्लोरीन, पीएच, काय घातले, किती घातले, सही. रिसॉर्टचा व्यवस्थापक बदलतो, वही राहते. पाहुण्याने तक्रार केली तर मालकाच्या हातात दाखवायला काहीतरी असते, आणि मालक दुसऱ्या मालकाला नाव सांगतो ते याच कारणाने. अशी दहा-वीस वह्या भरलेली फर्म चार-पाच वर्षांनी पेंच किंवा मेळघाटकडे आपलीच शाखा दुसऱ्या कोणाला चालवायला देऊ शकते. तेव्हा फी घेणारे आपण असू, आणि तेव्हा किमान रॉयल्टीचा मोह आपल्यालाही होईल.

भांडवल कमी पडत असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची आणि अल्पसंख्याकांसाठी असलेल्या मौलाना आझाद आर्थिक विकास महामंडळाच्या योजनांची चौकशी करावी. सेवा व्यवसाय म्हणून प्रकल्प अहवाल लिहावा आणि त्यात तरणतलावाबरोबर टाक्या, आरओ आणि सौर पंप ही नावे घालावीत. बँकेचा अधिकारी तलाव पाहून हसेल, पिण्याचे पाणी पाहून कागद पुढे ओढेल.

रिसॉर्टवाले ऑगस्टच्या शेवटी रंगरंगोटीला लागतात आणि १ ऑक्टोबरपूर्वी तलाव निळा हवा म्हणून घाई करतात. ज्यांना यंदाच काम पकडायचे आहे त्यांनी मोहर्ली रस्त्याला ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात फिरावे, तपासणी पेटी बरोबर न्यावी आणि व्यवस्थापकासमोरच त्याच्या तलावाचा पीएच मोजून दाखवावा.